शाळेची भिंत आणि धर्माची भिंत

दर रविवारीं सकाळीं पूजा आटोपून आम्ही चहा घेत बसलों म्हणजे टेक्ससहून आमच्या धाकट्या चिरंजीवांचा दूरध्वनि येतो. तिकडे तेव्हां शनिवारची रात्र असते. हल्लींच्या यंत्रांत आवाजाबरोबर मुखदर्शनही घडतें; त्यामुळें आजीला नातू किती वाढला तें पाहावयास मिळतें, आणि मला त्याच्याकडून रामरक्षा म्हणवून घेतां येते.

२०२५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नऊ वर्षांचा हा नातू त्या दिवशीं कांहीं केल्या श्लोक म्हणेना. उलट त्यानेंच मला प्रश्न केला, "आजोबा, आपण गणपति बसवतों तें पाप आहे का?"

त्याच्या मागें उभी असलेली सूनबाई एकदम पुढें झाली. "मामंजी, त्याच्या वर्गांत दहा आज्ञांचा तक्ता लावला आहे. तो वाचून आला आहे तो."

त्या दहा आज्ञांपैकीं एकीचा आशय असा कीं, मनुष्यानें पूजेसाठीं कोरीव मूर्ति करूं नये आणि तिच्यापुढें वांकूं नये. मुलाला वाचतां येतें. वर्गांत जें टांगलेलें असतें तें खरें असतें, असें त्याला आपण वडीलधाऱ्यांनींच शिकविलेलें असतें. आणि घरीं देवघरांत पितळेचा गणपति आहे. मग त्याला प्रश्न पडला यांत नवल तें काय?

मीं त्याला काय उत्तर दिलें तें शेवटीं सांगेन. परंतु ज्याचें सारें आयुष्य खडू-फळ्यांत गेलें त्याला 'वर्गाच्या भिंतीवर काय असावें' हा प्रश्न परका वाटत नाहीं. शिवाय त्या प्रश्नामागें अमेरिकेचा सव्वादोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत त्यांनीं तरी जाणून घेतला पाहिजे. म्हणून या महिन्यांत आपला नेहमींचा सुभाषितांचा विषय बाजूस ठेवितों; वाचकांनीं क्षमा करावी.

प्रथम कायद्याची हकीकत. टेक्सस राज्याच्या कायदेमंडळानें २०२५ सालीं असा कायदा केला कीं, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गांत, सर्वांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणीं, दहा आज्ञांचा तक्ता लावावा. तो निदान १६ इंच रुंद व २० इंच उंच असावा, आणि कोणी दानशूरानें तो आणून दिला तर शाळेनें तो लावलाच पाहिजे. कायदा १ सप्टेंबरपासून अमलांत आला. लुइझियाना राज्यानें अशाच स्वरूपाचा कायदा त्याच्या आदल्या वर्षीं, २०२४ च्या जूनमध्यें, केला होता. केंटकी राज्यानें हाच प्रयोग पूर्वीं केला असतां अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं तो रद्द ठरविला होता. नव्या कायद्यांविरुद्धही अर्थात् दावे झाले, आणि टेक्ससमधील कांहीं शाळांपुरती अंमलबजावणी २०२५ च्या ऑगस्टमध्येंच एका न्यायाधीशानें थांबविली. त्या दाव्यांतील वादींत ज्यू, हिंदु व कोणताच धर्म न मानणारीं कुटुंबें होतीं. परंतु ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते, हें विशेष ध्यानांत ठेवावें. त्याचें कारण पुढें कळेल.

या कायद्यांच्या पाठीशीं जो मोठा लोकसमूह आहे त्याला इव्हँजेलिकल असें म्हणतात. शुभवर्तमान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हें नांव पडलें. हा एकच पंथ नव्हे. बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल आणि कोणत्याही जुन्या पंथाचें नांव न लावणारीं असंख्य स्वतंत्र चर्चें यांत मोडतात. बायबल हेंच अंतिम प्रमाण. ख्रिस्ताचें वधस्तंभावरील मरण हाच उद्धाराचा मार्ग. नुसत्या जन्मानें कोणी ख्रिस्ती होत नाहीं, ज्यानें त्यानें अंतःकरणानें नवा जन्म घेतला पाहिजे. आणि हें वर्तमान इतरांस सांगत राहिलें पाहिजे, हीं त्यांचीं चार लक्षणें होत. प्यू या संशोधन-संस्थेनें २०२३-२४ मध्यें केलेल्या मोठ्या पाहणींत अमेरिकेंतील प्रौढ लोकांपैकीं शेंकडा २३ लोक अशा चर्चांतील असल्याचें आढळलें.

आपल्याकडे अशा मंडळींचें नांव निघालें कीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. माझ्याही पडत असे. तथापि ऋण असेल तें मान्य करावें, हा आपला धर्म. १८०६ सालीं मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पांच विद्यार्थी वादळपावसांत गवताच्या गंजीच्या आडोशास प्रार्थना करीत बसले. त्या बैठकीच्या प्रेरणेंतून १८१० सालीं परदेशीं मिशनरी पाठविणारें अमेरिकन बोर्ड निघालें, आणि १८१३ सालीं त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल व त्यांचे सहकारी मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांस परत धाडण्याचे हुकूम सुटले होते. तरी ते राहिले. पुढें या मिशननें मुंबईंत छापखाना घातला. सिंथिया फॅरार बाईंनीं मुंबईस व नंतर अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या. १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघूं लागला. मी ज्या प्रतीवरून रघुवंश शिकलों ती निर्णयसागरी होती. आणि निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनीं खिळ्यांच्या कामाचे पहिले धडे या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतच घेतले होते. म्हणजे कालिदास माझ्या हातीं आला तो थोडाबहुत त्या गवताच्या गंजीजवळून आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं! त्यांचा हेतु धर्मांतराचा होता, हें मी विसरत नाहीं. परंतु त्या काळीं त्यांच्या हातीं सरकारची काठी नव्हती, हेंही विसरूं नये. जें काय करावयाचें तें बोलून, शिकवून, छापून. ऐकणारानें नाहीं म्हटलें तर पुढच्या गांवास जावयाचें.

ही काठी नको, हें तत्त्व त्यांच्या पूर्वजांनीं मोठ्या कष्टानें मिळविलेलें होतें. अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हां व्हर्जिनियांत अँग्लिकन चर्च हें सरकारमान्य चर्च होतें. परवान्याशिवाय उपदेश करतात म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना तेथें १७६० नंतरच्या काळांत तुरुंगांत टाकीत. आपल्या शेजारच्या परगण्यांत पांच-सहा भल्या माणसांना केवळ धर्ममतासाठीं कोंडून ठेविलें आहे, अशी व्यथा तरुण जेम्स मॅडिसन यानें १७७४ सालीं एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत व्यक्त केली आहे. हाच मॅडिसन पुढें जेफर्सनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ सालीं व्हर्जिनियांत मंजूर करून घेतो, आणि राज्यघटनेच्या रचनेंत अग्रभागीं असतो. १७८७ च्या त्या घटनेंत सरकारी अधिकारासाठीं धर्माची कसोटी कधींही लावूं नये असें कलम आहे. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनें मध्यवर्ती सरकारास कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापन करण्याची मनाई केली.

परंतु ही मनाई राज्यांना त्या वेळीं लागू नव्हती. कनेक्टिकट राज्यांत काँग्रिगेशनल चर्चसाठीं कर घेतला जाई, आणि बॅप्टिस्टांना त्यांतून सूट हवी असल्यास दाखला सादर करावा लागे. सूट मिळे, पण ती मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे. याविरुद्ध डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळींनीं १८०१ सालीं नवे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांना पत्र लिहिलें. जेफर्सननें १ जानेवारी १८०२ रोजीं उत्तर दिलें, आणि त्यांत चर्च व सरकार यांच्यामधल्या भिंतीची ती प्रसिद्ध उपमा आली. अमेरिकेंत आजपर्यंत ज्या भिंतीवरून वाद चालला आहे ती हीच.

त्याच दिवशीं आणखी एक मौज घडली. जॉन लेलंड नांवाचा बॅप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गांवाहून एक प्रचंड चीज घेऊन अध्यक्षांच्या वाड्यावर पोहोंचला. गांवच्या लोकांनीं आपल्या गाईंच्या दुधाचें, गुलामांच्या श्रमावांचून बनविलेलें तें चीज १,२३५ पौंड, म्हणजे सुमारें ५६० किलो वजनाचें होतें! ही सारी भेट कोणाला? तर ज्या जेफर्सननें पुढें शुभवर्तमानांतील चमत्काराचे भाग पात्यानें कापून काढून आपल्यापुरती पोथी केली, त्याला. त्याचीं धर्ममतें पाखंडी आहेत अशी ओरड त्याचे विरोधक निवडणुकींतच करीत होते. तरी लेलंडसारख्या कडव्या भाविकांनीं त्याला डोक्यावर घेतलें, कारण त्यांची मागणी एवढीच होती: सरकारनें आमच्या देवाला मदतही करूं नये आणि अडथळाही आणूं नये, आमचें आम्ही पाहून घेऊं.

आणि त्यांनीं खरोखरच पाहून घेतलें. भिंत उभी राहिल्यानंतरच्या अर्धशतकांत बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट हे पंथ अमेरिकेंत सर्वांत मोठे झाले. सरकारी पगार घेणारीं जुनीं चर्चें मागें पडलीं. कनेक्टिकटनें १८१८ सालीं आणि मॅसॅच्युसेट्सनें १८३३ सालीं सरकारी चर्चची पद्धत मोडली.

पण जे थोडे होते ते पुष्कळ झाले म्हणजे काय होतें, हेंही याच इतिहासांत दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी शाळांतून बायबल वाचलें जाई, पण तें प्रॉटेस्टंटांच्या पसंतीचें. आयर्लंडहून आलेल्या कॅथॉलिकांनीं आपल्या मुलांसाठीं आपल्या पाठाचें बायबल असूं द्यावें असें म्हटलें. त्या वादानें पेट घेतला, आणि १८४४ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फियांत दंगे होऊन माणसें मेलीं व दोन कॅथॉलिक चर्चें जळालीं. दोन्ही पक्ष ख्रिस्ती, दोघांचा ग्रंथ एक! दहा आज्ञांचेंही तसेंच आहे. ज्यू, कॅथॉलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट यांची त्या दहांची मोजणी सारखी नाहीं. मूर्तीविषयींची आज्ञा कोणी स्वतंत्र धरतो, कोणी पहिलींतच मिसळतो. तेव्हां भिंतीवर कोणता पाठ टांगावा हें ठरविणें म्हणजेच एका पंथाचा पक्ष घेणें होय. आमच्या नातवासारख्यांचा प्रश्न तर त्याच्या पुढचा.

गुलामगिरीच्या प्रश्नावर हा समाज उभा दुभंगला. उत्तरेंत चार्ल्स फिनीसारखे पुनरुज्जीवनवादी उपदेशक गुलाम ठेवणें हें पाप म्हणून सांगत. दक्षिणेंत त्याच बायबलाच्या आधारें गुलामगिरीचें समर्थन होई. गुलाम बाळगणारास मिशनरी म्हणून नेमावें कीं नाहीं या वादांतून १८४५ सालीं जॉर्जियांतील ऑगस्टा येथें दक्षिणेंतील बॅप्टिस्टांनीं आपला वेगळा संघ स्थापिला. तोच सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. योगायोग असा कीं, गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यानें आपलें आत्मवृत्त त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें, आणि ख्रिस्ताचा धर्म व या देशांतला ख्रिस्ती धर्म यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे असें त्याच्या पुरवणींत बजाविलें. सदर्न बॅप्टिस्टांनीं या पापाची जाहीर क्षमा मागितली ती १९९५ सालीं, दीडशें वर्षांनंतर. उशिरा कां होईना, मागितली. असें करणारे समाज जगांत फार नाहींत.

विसाव्या शतकांत १९२५ सालीं टेनेसींतील डेटन गांवीं उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला व त्याला १०० डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयानें तो दंड पुढें रद्द केला. परंतु शहरी वर्तमानपत्रांनीं या भाविकांची जी टवाळी केली ती त्यांच्या मनांत सलत राहिली. पुढें रशियाशीं वैर आलें, आणि निरीश्वरवादी शत्रूपासून आपला वेगळेपणा दाखविण्यासाठीं १९५४ सालीं राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेंत ईश्वराचा उल्लेख घातला गेला, तर १९५६ सालीं ईश्वरावरील विश्वास हें राष्ट्राचें ब्रीद ठरलें. ज्या पिढीनें हें बालपणीं पाहिलें तिला तें पहिल्यापासूनच तसें होतें असें वाटूं लागलें. इतिहासाचा विसर पडण्यास एक पिढी पुरते.

त्यानंतर धक्के बसले. १९६२ व १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांतील प्रार्थना व बायबल-वाचन घटनाबाह्य ठरविलें. १९७३ सालीं गर्भपाताचा हक्क मान्य झाला. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे: १९७१ सालीं सदर्न बॅप्टिस्टांनींच, बलात्कार किंवा मातेच्या आरोग्यास अपाय अशा कारणांसाठीं गर्भपातास मुभा देणाऱ्या कायद्याला अनुकूल ठराव केला होता. तेव्हां आज जें मत सनातन म्हणून सांगितलें जातें तें सर्वच्या सर्व सनातन नव्हे. वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करमाफी सरकारनें काढली, तेंच या राजकारणाचें खरें मूळ, असेंही कांहीं इतिहासकार म्हणतात. इतर त्याला मान डोलावीत नाहींत.

जेरी फॉलवेल या एकाच माणसाच्या चरित्रांत हा पालट स्पष्ट दिसतो. २१ मार्च १९६५ रोजीं, ज्या दिवशीं मार्टिन लूथर किंग यांचा मोर्चा सेल्माहून निघाला त्याच दिवशीं, व्हर्जिनियांतील लिंचबर्ग येथें या बॅप्टिस्ट पाद्र्यानें प्रवचन केलें कीं, उपदेशकाचें काम राजकारण नव्हे, माणसांचीं मनें पालटणें हें होय. किंग हेही बॅप्टिस्ट पाद्रीच होते, हें ऐकणारांस ठाऊक होतें. पुढें चौदा वर्षांनीं, १९७९ सालीं, त्याच फॉलवेलनीं 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली. नांवच पाहा: नीतिमान बहुसंख्या! १८०२ मध्यें जे अल्पसंख्य म्हणून बोलत होते ते आतां बहुसंख्य म्हणून बोलूं लागले. १९८० सालीं रेगन यांच्या विजयास या मतांचा हातभार लागला. १९७६ सालीं निवडून आलेले जिमी कार्टर हे स्वतः नवा जन्म घेतलेले, चर्चच्या रविवारच्या शाळेंत शिकविणारे बॅप्टिस्ट. परंतु १९८० मध्यें यांपैकीं पुष्कळांनीं त्यांनाच सोडलें. २०१६ पासूनच्या तिन्ही निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकीं दहांतले सुमारें आठ डोनाल्ड ट्रंप यांच्या बाजूनें राहिले. त्यांचे तीन विवाह व त्यांचीं जुगारगृहें कोणापासून लपलेलीं नव्हतीं. त्यांनीं नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या मतांनीं २०२२ सालीं १९७३ चा निर्णय फिरविला गेला. मतदारांना मोबदला मिळाला. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, धर्मश्रद्धा बहुतेक तशीच असलेले कृष्णवर्णी प्रॉटेस्टंट मोठ्या बहुमतानें दुसऱ्या पक्षास मत देतात. तेव्हां मत ठरतें तें केवळ बायबलावरून ठरतें असें नाहीं.

लेलंडनेंही आपल्यासारखा भाविक नसलेला माणूस निवडला होता, असें येथें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु लेलंडला त्याच्याकडून भिंत हवी होती. आजच्या मंडळींना त्या भिंतींत दरवाजा हवा आहे.

यासाठीं इतिहासच बदलून सांगण्याचा मोह होतो. घटनाकार हे आजच्या अर्थानें इव्हँजेलिकल होते आणि राष्ट्र ख्रिस्ती म्हणूनच स्थापिलें गेलें, असें सांगणारीं पुस्तकें तिकडे लाखोंनीं वाचतात. १७९७ च्या ट्रिपोलीच्या तहांत, अमेरिकेचें सरकार ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभारलेलें नाहीं असें स्पष्ट कलम होतें, आणि सेनेटनें तो तह एकमतानें मंजूर केला होता, हें त्या पुस्तकांना अडचणीचें जातें. २०१२ सालीं डेव्हिड बार्टन यांनीं जेफर्सनवर असेंच एक पुस्तक लिहिलें. त्यांतील चुका दाखविण्यांत पुढाकार कोणी घेतला? नास्तिकांनीं नव्हे, ग्रोव्ह सिटी या ख्रिस्ती कॉलेजांतल्या दोन प्राध्यापकांनीं. ख्रिस्ती ग्रंथ छापणाऱ्या प्रकाशकानेंच तें पुस्तक त्याच वर्षीं मागें घेतलें. पुढें तें दुसऱ्या प्रकाशकाकडून पुन्हां निघालें, ही गोष्ट वेगळी. परंतु आपल्याच माणसाची चूक चारचौघांत दाखविणारे विद्वान ज्या समाजांत आहेत त्याविषयीं आशा ठेवण्यास जागा असते.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही मांडतों. अमेरिकेची ती भिंत कधींच सरळसोट नव्हती. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत निर्मात्याचा उल्लेख आहे. १७८९ पासून काँग्रेसमध्यें प्रार्थना म्हणणारे पुरोहित आहेत. गुलामगिरीविरुद्ध आणि वर्णभेदाविरुद्ध जे लढले त्यांनीं देवाचें नांव घेऊनच राजकारण केलें. तेव्हां भाविकानें राजकारणांत बोलूंच नये असें म्हणणें अन्यायाचें होईल. प्रश्न बोलण्याचा नाहीं. प्रश्न सरकारच्या हातानें बोलण्याचा आहे. २००७ च्या जुलैंत राजन झेड या हिंदु पुरोहितास सेनेटमध्यें प्रार्थनेसाठीं बोलाविलें असतां तिघां ख्रिस्ती निदर्शकांनीं ओरडून व्यत्यय आणला. त्यांना बाहेर काढून अटक केली, आणि प्रार्थना पुरी झाली. आमंत्रण देणारी अमेरिका व ओरडणारी अमेरिका, दोन्ही खऱ्या. आमच्या नातवाला दोहोंमध्यें वाढावयाचें आहे.

आणि काठी हातीं आल्यानें धर्माचें भलें झालें का? प्यूच्याच पाहण्यांप्रमाणें २००७ सालीं अमेरिकेंत शेंकडा ७८ लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत. २०२३-२४ मध्यें तें प्रमाण ६२ झालें. कोणत्याच धर्माचें नांव न सांगणारे १६ होते ते २९ झाले. यास कारणें अनेक असतील. परंतु राजकारणास कंटाळून चर्च सोडलें असें सांगणारे तरुण त्यांत आहेत, हें तेथील धर्मोपदेशकच कबूल करतात. निक्सनच्या निकट वावरून पुढें हात पोळलेले बिली ग्रॅहॅम यांनीं वृद्धपणीं, २०११ सालीं, आपण राजकारणापासून दूर राहिलों असतों तर बरें झालें असतें असें बोलून दाखविलें. त्या समाजांत त्यांच्याएवढा मान कोणालाच नव्हता.

हें सारें वाचून ठेवून मी सुनेला उपदेश करावयास निघालों होतों. तोंच माझें मलाच एक स्मरण झालें. मी ज्या तालुक्याच्या गांवीं शिकवीत होतों तेथें रोज सकाळीं सरस्वतीची प्रार्थना होई. ती मीच सुरू करून देत असें. पुष्कळ वर्षांनीं बसस्थानकावर एक गृहस्थ माझ्या पायां पडले. माझे जुने विद्यार्थी, मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले, संस्कृतांत नेहमीं पहिले. बोलतां बोलतां हंसून म्हणाले, "गुरुजी, प्रार्थनेच्या वेळीं मी नुसते ओंठ हलवीत असें. आवाज काढीत नसें." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. मीं त्यांना कधीं सक्ति केली नव्हती. पण कधीं विचारलेंही नव्हतें. सहा वर्षें तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर ओंठ हलवीत उभा होता, आणि तें मला दिसलें नाहीं. टेक्ससच्या कायदेमंडळास नांवें ठेवण्यापूर्वीं एवढें लिहून ठेवणें मला भाग आहे.

सूनबाईचा प्रश्न व्यवहाराचा होता. "मामंजी, शाळेंत बोलावें कीं गप्प बसावें? शेजारचे लोक त्याच चर्चचे." हे शेजारी बॅप्टिस्ट आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्ससांत बर्फाचें वादळ होऊन वीज गेली, तेव्हां याच कुटुंबानें आमच्या मुलांस दोन रात्री आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि मांस न घालतां रांधून वाढलें. अशा माणसांविषयीं मुलाच्या मनांत किल्मिष येतां कामा नये, आणि गणपतीविषयींही येतां कामा नये.

मीं नातवाला सांगितलें, "नाहीं बाळ, पाप नाहीं. तो तक्ता एका धर्माच्या लोकांनीं आपल्या देवाशीं केलेल्या कराराचा आहे. त्यांत आईबापांचा मान ठेवावा, चोरी करूं नये, खोटी साक्ष देऊं नये असें आहे. तें आपल्याकडेही सांगितलें आहे, तें पाळ. मूर्तीची गोष्ट ही त्यांच्या घरचा नियम आहे. त्यांच्या घरीं गेलास तर त्याचा मान ठेव. आपल्या घरीं आपला." त्यानें विचारलें, "मग शाळा कोणाच्या घरची?" मी निरुत्तर झालों. याच प्रश्नाचें उत्तर डॅनबरीच्या लोकांनीं मागितलें होतें.

चिरंजीवांना मीं एवढेंच सुचविलें कीं, शाळेंत अर्ज करावयाचा तर खुशाल करावा, तो हक्क आहे. पण त्याआधीं शेजाऱ्यांकडे जावें, आणि लेलंडच्या चीजची गोष्ट काढावी. ते गेले. त्या वृद्ध गृहस्थांना लेलंडचें नांव ठाऊक होतें. चीजची गोष्ट ऐकून ते हंसले. मग मुलाचा प्रश्न सांगितला, तेव्हां हंसूं थांबलें. "त्यानें असें विचारलें?" एवढेंच ते म्हणाले, आणि बराच वेळ बोलले नाहींत. निघतांना, तुमच्या अर्जावर माझी सही चालेल का, असें त्यांनीं विचारलें.

अर्जाचें पुढें काय व्हावयाचें तें होवो. पुढच्या रविवारीं रामरक्षा पुरी झाली.